हाड जुळल्यानंतरचे दुखणे: एका मोटार अपघात दाव्याचा अभ्यास

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खानावळींना चपात्या करून देण्याचा घरगुती व्यवसाय असलेल्या ४३ वर्षांच्या बाईंचा हा दावा आहे. मी त्यांचा वकील होतो. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. अपघात कोणाच्या चुकीने झाला यावर या प्रकरणात फारसा वाद झालाच नाही. विमा कंपनीचे म्हणणे एका वाक्यात मावत होते: क्ष-किरण चित्रात हाड व्यवस्थित जुळलेले दिसते, मग कायमची भरपाई कशाची? त्या वाक्याला उत्तर देण्यात आमची सव्वादोन वर्षे गेली, आणि त्यातला बराचसा वेळ आम्ही चुकीच्या गोष्टी सिद्ध करण्यात घालवला.

जुलै २०२२ मध्ये अर्जदार बाई पतीच्या मोटारसायकलवर मागे बसून गिरणीतून दळण घेऊन येत असताना मालवाहू टेम्पोने मागून धडक दिली. दळणाचा डबा सावरण्याच्या नादात त्या उजव्या तळहातावर पडल्या आणि मनगटालगतचे हाड मोडले. टेम्पोचालकावर भारतीय दंड संहितेच्या कलम २७९, ३३७ व ३३८ खाली गुन्हा नोंदला गेला, पंचनामा झाला, चालकाकडे परवाना होता व विम्याची मुदत चालू होती. इथपर्यंत सगळे रोजचेच होते.

हाताला सहा आठवडे प्लॅस्टर होते. तिसऱ्या आठवड्यापासून बाईंनी आत आग होत असल्याची तक्रार केली, ती कोणी लिहून घेतली नाही. ऑगस्टअखेर प्लॅस्टर काढले तेव्हा हात सुजलेला, त्वचा ताणल्यासारखी चकचकीत, कधी जांभळट तर कधी लालबुंद, तळव्याला सतत घाम, आणि मूठ अर्धीच मिटत होती. पुढच्या तीन भेटींच्या केसपेपरवर मात्र एकच मजकूर आहे: हाड जुळले, व्यायाम करावा. पहिल्यांदा माझ्या कार्यालयात आल्या तेव्हा त्या पंख्याखालची खुर्ची सोडून दाराजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. उजव्या हाताला ओले फडके गुंडाळलेले होते. मी विचारल्यावर म्हणाल्या, "पंख्याचं वारं लागलं तरी आग हुतीया, साहेब." ते वाक्य मी त्याच दिवशी टिपून ठेवले असते तर बरे झाले असते, त्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले.

डिसेंबर २०२२ मध्ये फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून त्या पेन क्लिनिकमध्ये गेल्या आणि तिथे आजाराला नाव मिळाले: कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे सीआरपीएस. मूळ इजा भरून आल्यावरही, आणि त्या इजेच्या मानाने कितीतरी जास्त, दुखत राहणारा हा विकार आहे. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर तो होणे डॉक्टरांना नवीन नाही, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. आधी त्याला रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी म्हणत. सध्याचे नाव १९९४ पासूनचे आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी अशाच जळजळीचे वर्णन केले आहे, आणि त्यांचे रुग्णही हात ओल्या फडक्यात ठेवीत असत. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीचा न्यायाधिकरणात, म्हणजे मोटार अपघाताचे दावे चालतात त्या न्यायालयात, पुरावा म्हणून उपयोग नव्हता, पण वाचल्यावर आपल्या पक्षकाराविषयी माझ्या मनात जी थोडीशी शंका होती ती गेली. अशी शंका मला होती हे इथे कबूल केलेले बरे.

या विकारावर शिक्कामोर्तब करणारी एकच एक रक्तचाचणी किंवा छायाचित्र नाही. बुडापेस्ट येथे २००३ साली झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून जे निकष पुढे आले, त्यांच्या आधारे निदान केले जाते. स्पर्शाची अतिसंवेदना, त्वचेचा रंग व तापमान, सूज व घाम, आणि हालचाल तसेच नखे-केस-त्वचेतील बदल असे चार गट त्यात आहेत. रुग्णाने यातील किमान तीन गटांतली लक्षणे सांगावी लागतात, तपासणीच्या वेळी डॉक्टरांना किमान दोन गटांतल्या खुणा प्रत्यक्ष दिसाव्या लागतात, आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे सगळे अधिक नीट समजावता येत नसावे लागते. सांगितलेले लक्षण आणि दिसलेली खूण यांतला हा भेद पुढे उलटतपासणीत कामी आला.

मुदतीचा प्रश्न याआधीच उभा राहिला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली, भरपाईचा अर्ज करण्यासाठीची सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, आणि ती अपघाताच्या तारखेपासून मोजायची असते. मोडलेल्या हाडाच्या रुग्णाला ही मुदत जाचत नाही. रेंगाळणाऱ्या दुखण्याच्या रुग्णाला जाचते, कारण तीनेक महिने उलटल्याशिवाय कोणी त्या दुखण्याला चिवट म्हणत नाही आणि योग्य डॉक्टरपर्यंत पोहोचण्यात आणखी दोन महिने जातात. निदान हाती आल्यानंतर आमच्याकडे जेमतेम महिना होता. मुदत संपायला चार दिवस उरले असताना, जानेवारी २०२३ मध्ये, आम्ही कायम अपंगत्वाचे प्रमाणपत्र न जोडताच अर्ज दाखल केला आणि उपचार चालू असल्याने प्रमाणपत्र नंतर हजर करू असे त्यातच लिहिले. त्यावर पुढे कोणी हरकत घेतली नाही. प्रमाणपत्रासाठी थांबलो असतो तर दाव्याची सुरुवातच विलंबाच्या वादाने झाली असती.

प्रमाणपत्र २०२३ च्या अखेरीस जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून मिळाले. उजव्या हाताचे कायम अपंगत्व १८ टक्के. सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजून आलेला तो आकडा होता; मोजणी प्रामाणिक होती, पण दुखण्याविषयी कागदावर एक शब्दही नव्हता. बाईंचे नातेवाईक तो कागद पाहून खचले, कारण ४० टक्क्यांच्या खाली असेल तर काहीच मिळत नाही असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथे स्वच्छ शब्दांत खोडून काढला पाहिजे: ४० टक्क्यांची अट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षण व योजनांसारख्या लाभांसाठी आहे, अपघाताच्या भरपाईशी तिचा संबंध नाही.

भरपाईच्या दृष्टीने त्या कागदात दोन वेगळे पेच होते. १८ टक्के हे एका हाताचे होते, संपूर्ण शरीराचे नव्हते. विमा कंपनीने ते निम्मे करून ९ टक्के धरावे असे म्हटले. दुसरा पेच आम्हाला अनुकूल होता. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अपंगत्वाची टक्केवारी हीच कमाईच्या नुकसानीची टक्केवारी असे यांत्रिकपणे धरता येत नाही; इजा झालेली व्यक्ती काय काम करत होती, त्यातले काय आता जमते आणि काय जमत नाही, हे पाहून नुकसान ठरवावे. हात गमावलेल्या सुताराचे किंवा चालकाचे कमाईचे नुकसान जवळजवळ पूर्ण असू शकते, हे उदाहरण त्याच निकालात आहे. मात्र हा निकाल दुधारी आहे हे तो हिरिरीने उद्धृत करणारे आम्ही वकील विसरतो. त्या प्रकरणातल्या अर्जदाराकडे पायाच्या ४५ टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र होते आणि न्यायालयाने कमाईचे नुकसान २० टक्केच धरले.

म्हणजे आम्हाला चपात्यांचा व्यवसाय न्यायाधिकरणापुढे मांडायचा होता. बाईंकडे आयकराचा कागद नव्हता की बँकेचा व्यवहार नव्हता. होती ती दोनशे पानी वही, पिठाने कडा पांढऱ्या झालेली, जिच्यात रोजच्या चपात्यांचा आकडा आणि समोर 'आले' किंवा 'बाकी' एवढेच लिहिलेले होते. त्यांच्या हिशेबाने दोन खानावळींना मिळून रोज २५० चपात्या, दर ५ रुपये, खर्च वजा जाता दिवसाला सुमारे ८०० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरून २०,८०० रुपये पडत होते. एक खानावळवाला साक्षीला आला आणि त्याने रोज १५० चपात्या घेत असल्याचे आपल्या वहीवरून सांगितले. दुसरा, कराच्या भीतीने असावे, शेवटपर्यंत आला नाही. त्याला साक्षीसमन्स काढायला हवे होते. ओळखीचा माणूस म्हणून आम्ही विनंतीवर विसंबलो आणि ती १०० चपात्यांची नोंद हातची गेली.

त्याहून मोठी चूक प्रतिज्ञापत्रात झाली. सरतपासणीच्या, म्हणजे साक्षीदाराचे स्वतःचे म्हणणे मांडणाऱ्या प्रतिज्ञापत्रात, नेहमीच्या साच्याप्रमाणे, आम्ही लिहिले होते की अर्जदारास उजव्या हाताने कोणतेही काम करता येत नाही. उलटतपासणीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी तपासनिसाने मोबाईलवर घेतलेले चाळीस सेकंदांचे चित्रण पुढे केले. त्यात बाई डाव्या हातात भाजीची पिशवी घेऊन घरी येतात आणि उजव्या कोपराने फाटक ढकलून आत जातात. "कोणतेही काम" हे शब्द तिथल्या तिथे खोटे ठरले, आणि एक शब्द खोटा ठरला की बाकीच्यांवरही सावली पडते. चिवट दुखणे सारखे नसते. सकाळी जमलेली गोष्ट दुपारी जमत नाही, आणि एक दिवस रेटून काम केले तर पुढचे दोन दिवस हात उशीवर ठेवून बसावे लागते. प्रतिज्ञापत्रात हेच असायला हवे होते. बाईंनी मला ते पहिल्याच भेटीत सांगितले होते, साच्याने ते गिळले.

चित्रणासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालचे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारे प्रमाणपत्र नव्हते. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या २०२० च्या खोतकर निकालाचा हवाला देऊन ते बाहेर ठेवा, असा आग्रह माझ्या सहकाऱ्याने धरला, आणि कायद्याने तो चुकीचा नव्हता. पण ते चित्रण मी घरी चार वेळा पाहिले. त्यात बाईंच्या उजव्या हाताला ओले फडके होते. फाटकाची कडी त्यांनी पिशवी खाली ठेवून डाव्या हाताने काढली, पुन्हा पिशवी उचलली आणि मगच कोपर वापरले. कोणी पाहत नाही अशा समजुतीत असलेली बाई हाताला स्पर्श होऊ नये म्हणून इतकी खटपट करत होती. आम्ही हरकत घेतली नाही, उलट चित्रण निशाणी म्हणून, म्हणजे क्रमांक देऊन पुराव्यात, नोंदवून घ्यावे असा अर्ज दिला, आणि उलटतपासणीनंतरच्या फेरतपासणीत बाईंना एकच प्रश्न विचारला: फाटक हाताने का ढकलले नाही? "लोखंड गार लागतं," एवढेच त्या म्हणाल्या.

त्याआधीच्या उलटतपासणीत फडक्यावरही बोट ठेवले गेले होते. आज कोर्टात दाखवायला म्हणून ते बांधून आणले, असे त्यांना सुचवण्यात आले. त्याला उत्तर कोणत्याही मोठ्या डॉक्टरच्या कागदात नव्हते, ते सापडले फिजिओथेरपीच्या नोंदवहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे अर्ज दाखल होण्यापूर्वी चार महिने आणि वकिलाचा चेहरा पाहण्यापूर्वी, तिथे लिहिले होते की रुग्ण हाताला ओले फडके गुंडाळून येते, टॉवेलचा स्पर्श सहन होत नाही. पुढे दर पंधरवड्याला पकडीची ताकद नोंदलेली होती: डावा हात २२ किलोच्या आसपास, उजवा ६, कधी ५, कधी ८. त्या चढउताराचाही उपयोग झाला. सोंग घेणाऱ्याचे आकडे असे नैसर्गिकपणे हलतात का, हा युक्तिवाद मी केला खरा. त्याचे शास्त्रीय वजन किती हे तेव्हाही मला नक्की वाटत नव्हते. वजन पडले ते नोंदीच्या तारखेचे.

पेन क्लिनिकच्या डॉक्टरांना साक्षीला आणण्यासाठी तीन तारखा गेल्या. प्रमाणपत्र नुसते दाखल करून भागत नाही, डॉक्टरने उलटतपासणीला सामोरे गेले पाहिजे, हेही राजकुमार निकालातच आहे. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले, वेदना मोजणारे यंत्र आहे का? डॉक्टर म्हणाले, नाही. म्हणजे रुग्ण सांगेल तेच तुम्ही लिहिता? त्यावर डॉक्टरांनी दिलेले उत्तर निकालपत्रात जसेच्या तसे आले आहे: "रुग्ण सांगतो ते मी लक्षणांच्या रकान्यात लिहितो, मला दिसते ते खुणांच्या रकान्यात, या रुग्णाचे दोन्ही रकाने भरलेले आहेत." दोन्ही हातांच्या त्वचेच्या तापमानातला फरक, घाम, सूज, नखांचा बदललेला पोत या सगळ्या नोंदी तारखेनिशी होत्या. हाड जुळलेले असूनही हा विकार राहू शकतो का, या प्रश्नाला त्यांनी सांगितले की हाड जुळणे आणि नसांचे बिघडलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि क्ष-किरणात दुसरी दिसत नाही. नसांच्या दुखण्यावरचे गॅबापेंटिन हे औषध, मानेजवळच्या नसांच्या गाठीत दिलेली दोन इंजेक्शने आणि आरशासमोरचे व्यायाम यांनी फरक पडला होता हे त्यांनी लपवले नाही. सुधारणा मान्य करणारा साक्षीदार अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि उरलेल्या त्रासाविषयीचे त्यांचे म्हणणे त्यामुळेच टिकले.

मध्यंतरी लोकअदालतीत साडेतीन लाखांचा प्रस्ताव आला होता. बाईंचे पती तो घ्यायला तयार होते. औषधांची उधारी होती आणि "कोर्टाचं काय सांगता येतंय" हे त्यांचे म्हणणे अवास्तव नव्हते. मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. महिना १२,००० रुपये उत्पन्न धरले तर वर्षाचे १,४४,०००. प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे स्वयंरोजगार असलेल्या चाळीस ते पन्नास वयाच्या व्यक्तीस भविष्यातील वाढीसाठी २५ टक्के मिळवले की १,८०,०००. आणि ही वाढ मृत्यूच्याच नव्हे, इजेच्या दाव्यातही धरावी हे २०२० च्या पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट झाले आहे. सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे ४३ व्या वर्षाला गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसारचा आकडा, १४, म्हणजे २५,२०,०००. याचे ९ टक्के २,२६,८०० होतात आणि ४० टक्के १०,०८,०००. बाकी सगळे जागच्या जागी राहून एका आकड्याने एवढा फरक पडत होता, आणि तो आकडा ठरवणारी साक्ष अजून व्हायची होती. निर्णय बाईंनीच घेतला. थांबू म्हणाल्या.

शेवटच्या युक्तिवादात विमा कंपनीने एक मुद्दा काढला तो मला आजही सर्वांत सकस वाटतो: व्यवसाय बंद पडलेला नाही. हे खरे होते. २०२३ च्या मध्यापासून बाई शेजारच्या दोघींकडून चपात्या करून घेत होत्या आणि खानावळीला पुरवत होत्या. आम्ही त्या दोघींपैकी एकीला साक्षीला आणले. एका चपातीमागे त्यांना २ रुपये मिळत. म्हणजे १५० चपात्यांमागे रोजच्या सुमारे ४८० रुपयांच्या शिलकीतून ३०० रुपये मजुरीत जात होते. कणीक मळणे आणि लाटणे हेच बाईंचे भांडवल होते आणि ते आता विकत घ्यावे लागत होते. आम्ही नुकसान ६० टक्के धरा म्हणालो.

एप्रिल २०२५ मधील निकालात न्यायाधिकरणाने उत्पन्न १२,००० धरले आणि कमाईचे नुकसान ४० टक्के. डावा हात शाबूत आहे, खरेदी, हिशेब व देखरेख बाई करू शकतात आणि दोन मदतनिसांमुळे पुरवठा वाढवण्याची शक्यता आहे, ही कारणे दिली. भविष्यातील कमाईचे १०,०८,०००, औषधोपचाराची सिद्ध झालेली बिले ८६,४००, उपचारकाळातील आठ महिन्यांचे उत्पन्न ९६,०००, पुढील उपचार ६०,०००, वेदना व यातनांसाठी ७५,०००, जीवनातील सुखसोयींच्या नुकसानीसाठी ७५,००० आणि मदतनीस, प्रवास व आहार यांसाठी ४०,०००, असे एकूण १४,४०,४०० रुपये मंजूर झाले. पुढील उपचारांची रक्कम वगळून बाकीवर अर्ज दाखल झाल्यापासून साडेसात टक्के व्याज. वेदना हेच ज्या आजाराचे स्वरूप, त्या वेदनेच्या नावाखाली फक्त ७५,००० आले हे पाहून बाईंना नवल वाटले. मला वाटले नाही. या शीर्षाखालच्या रकमा ढोबळ अंदाजानेच ठरतात, आणि त्या वाढवून मागण्यात जी शक्ती खर्च होते ती कमाईच्या नुकसानीवर लावणे जास्त फायद्याचे असते.

दुसऱ्या खानावळवाल्याची न झालेली साक्ष किती महागात पडली याचा हिशेबही मी करून पाहिला आहे. उत्पन्न २०,००० धरले गेले असते तर त्याच ४० टक्क्यांवर भविष्यातील कमाईची रक्कम १६,८०,००० झाली असती.

विमा कंपनीने अपील न करता रक्कम भरली. न्यायाधिकरणाने त्यातील निम्मी तीन वर्षांच्या मुदतठेवीत ठेवण्याचा हुकूम केला आहे. अशा ठेवींचे आदेश सरसकट काढू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ए. व्ही. पद्मा प्रकरणात बजावलेले आहे, त्या आधारे ठेवीतून एक लाख दहा हजार रुपये मोकळे करावेत असा अर्ज आम्ही दिला आहे. सोबत कणीक मळण्याच्या आणि चपात्या दाबण्याच्या यंत्रांचे दरपत्रक आहे. दरपत्रकाच्या मागच्या बाजूला बाईंनी डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, रोज ४०० चपात्यांचा हिशेब मांडला होता; तेही पान आम्ही तसेच जोडले. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.